एकाच चौकटीत दोनदा

काळ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे.

"हे खेळणं आहे की कॅमेरा?"

भिंतीची भोकं बुजवायची पांढरी लांबी, मुठीएवढा गोळा.

बारांपैकी सात. कधी पाचच.

आईचा डावा डोळा.

मित्रांनो, एवढ्यावरून मला कोणी ओळखणार नाही. सांगतोच. मी एक जुना, प्लॅस्टिकचा, रोल घालायचा कॅमेरा आहे. माझं भिंगसुद्धा प्लॅस्टिकचं. ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे शेजारच्या यंत्रावर साबणाच्या डब्या निघत, आणि खरं सांगायचं तर त्यांची झाकणं माझ्यापेक्षा घट्ट बसत. माझ्या झाकणाच्या फटीतून ऊन आत शिरायचं आणि फोटोंवर नारिंगी ओघळ उमटायचे. म्हणून ती चिकटपट्टी. एवढं करूनही बारांपैकी सात फोटो धड यायचे.

पण माझा खरा दोष वेगळाच. चांगल्या कॅमेऱ्यात एकदा खटका दाबला, की रोल पुढे सरकवल्याशिवाय तो पुन्हा दाबता येत नाही. माझ्यात तसा अडसरच नाही. रोल सरकवायला विसरलात, की एका फोटोवर दुसरा येऊन बसतो. माझी मालकीण म्हणजे ताई. तिच्या पहिल्याच रोलमध्ये मावशीच्या डोक्यातून सायकलचं चाक उगवलं होतं.

मला नेहमी खेळणं म्हणणारे, रोल धुऊन देणारे स्टुडिओवाले काका म्हणाले, "मावशींच्या चाकात हवा भरलीत का?"

ताईने मुकाट्याने माझ्या पाठीवर कागद चिकटवला : आधी सरकव, मग दाब.

ताईचे दोन भाऊ, थोरला आणि धाकटा. दोघंही घरं रंगवायचे. पूर्वी जोडीनं. मग बोलणं तुटलं, ते नऊ वर्षं. थोरला आईला भेटायला सकाळी यायचा, धाकटा दुपारी. चहाचे कपसुद्धा एकमेकांना भेटत नसत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईची नजर वर्षभरात जाईल. उजव्या डोळ्याची आधीच गेली होती. आई म्हणाली, "मला दोघं एका फोटोत बघायचेत. मग जाईना का मेली नजर."

ताईने थोरल्याला विचारलं.

"त्याच्या शेजारी? त्यापेक्षा या रंगाच्या डब्याशेजारी उभा राहीन."

धाकट्याला विचारलं.

"दादा काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"मग झालं तर. माझंही नाही."

रोलमध्ये एकच फोटो उरला होता, बारावा. दुसरा रोल गावात कुठे मिळत नव्हता. ताई बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मग तिने माझ्या पाठीवरचा कागद ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सामानाच्या खोलीचं दार सताड उघडलं. आत काळोख, म्हणजे माणसाशेजारची जागा रोलवर कोरीच राहणार. समोरच्या कठड्यावर मला लांबीच्या गोळ्यात घट्ट रोवलं. थोरला आला. "नुसता तुझा एकट्याचा," म्हणत तिने त्याला दारात डावीकडे उभं केलं. खटका दाबला. तो गेल्यावर त्याच्या खांद्याच्या उंचीवर चौकटीला खडूने खूण केली.

दुपारपर्यंत मला कोणी हात लावला नाही. एकदा मांजर आलं, मला हुंगलं. मी एक बोटभर जरी हललो असतो, तरी सगळं संपलं असतं.

धाकटा आला. त्याला उजवीकडे उभं केलं.

"आता हात आडवा धर. खडूची खूण आहे ना, तेवढ्या उंचीवर."

"कशावर धरू?"

"हवेत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"धर म्हटलं ना! आणि हलू नकोस."

ताईने रोल सरकवला नाही. खटका दाबला. मित्रांनो, भारी भारी कॅमेऱ्यांनी त्या क्षणी नकार दिला असता. मी दिला नाही.

रोल धुऊन आला, तसा आईने फोटो डाव्या डोळ्याशी नेला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"सावल्या दोन बाजूंना पडल्यात गं."

ताईने फोटोचं रिकामं पाकीट दुमडलं.

"असू दे. उभे तर आहेत. टांग तिकडे, दोघं येतात त्या दारासमोर."

सकाळी थोरला फोटोपुढे थबकला. "यानं माझ्या खांद्यावर हात कधी ठेवला?"

"कॅमेऱ्याला विचार," ताई म्हणाली.

दुपारी धाकटा खो खो हसला. "अगं, माझा हात त्याच्या खांद्यात घुसलाय! दुखलं असेल त्याला." मग हसता हसता थांबला.

त्या आठवड्यात दोघांनीही ताईकडे एकेक प्रत मागितली. दोघांनीही बजावलं, "त्याला सांगू नकोस."

आता मी कपाटावर असतो. माझ्या भिंगावर धूळ आहे, पण मान ताठ आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल, तर त्याला पुसा, त्याच्या फटीला पट्टी लावा. फेकायचंच असेल, तर आधी त्याचा दोष नीट समजून घ्या. आणि दुरुस्तीच्या नादात माझ्यात तो अडसर मात्र बसवू नका. हात जोडून सांगतो.

आणि हो, भावांचं ते नऊ वर्षांचं भांडण रंगकामाच्या एका शिडीवरून झालं होतं.