दोघींत एक गोळी

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. करवतीच्या मोडक्या पात्यापासून मला घडवलं. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तीस वर्षं मी एका बाईंच्या हाताखाली जाड पुठ्ठे कापले. निवृत्त झाल्यावर त्या मला घरी घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तुटपुंजं पेन्शन आणि सोबतीला धाकटी बहीण.

दोघींनाही रक्तदाबाचा त्रास होता. डॉक्टरांनी रोज एकेक गोळी लिहून दिली होती, पण परवडायचं एकच पाकीट. म्हणून रोज सकाळी थोरली बशीत एक गोळी ठेवायची आणि मी तिचे दोन तुकडे करायचो.

"मोठा तुकडा तुझा," थोरली म्हणायची.

"शहाणीच आहेस! तूच घे."

वाद मिटला की दोघी म्हणायच्या, "काय धार आहे बाई याची!" मी फुशारून जायचो.

एकदा औषधाच्या दुकानातली बाई घरी आली. "मावशी, चिठ्ठ्या दोन आणि पाकीट एकच कसं?" तेवढ्यात तिची नजर बशीतल्या अर्ध्या गोळ्यांवर आणि माझ्यावर पडली. तिने पिशवीतून दोन अर्ज काढले. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या खर्चात मदत मिळते, म्हणाली.

"आम्ही कुणापुढे हात पसरत नाही," थोरली ताडकन बोलली.

"हात कुठे पसरायचाय? फक्त सही करायचीय."

थोरलीने अर्ज बाजूला सारले. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आठच दिवसांनी धाकटी जिन्यात चक्कर येऊन पडली. कपाळाला सहा टाके पडले. त्याच संध्याकाळी थोरलीने धाकटीच्या उशाशी बसून दोन्ही अर्ज भरले.

महिन्याभराने औषधाच्या मदतीची दोन कार्डं आली. थोरलीने ती पुसून फळीवर माझ्या जागी ठेवली आणि मला खणात टाकलं. माझा नुसता जळफळाट झाला. ना धार, ना मूठ, कालची आलेली ही कार्डं, आणि केवढा त्यांचा थाट! ती हरवावीत, फाटावीत, असंच मला वाटायचं.

एका सकाळी खण उघडला. मला वाटलं, आली माझी आठवण! थोरलीने फक्त रबरबँड उचललं. उघड्या खणातून मला दिसलं, दोघींच्या तळहातावर एकेक अख्खी गोळी होती.

"ताई, आता सकाळी भांडायचं तरी कशावरून गं?" धाकटी हसत म्हणाली.

माझ्या कौतुकाच्या त्या सगळ्या सकाळी दोघी अर्ध्या औषधावर दिवस काढत होत्या. मला ते कधी दिसलंच नाही.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या कार्डांवर मी अजूनही जळतो. मला कुणी विसरलं तरी चालेल. पण तुमच्या आजी-आजोबांना एकदा जवळ बसून विचारा, "औषध पुरवून पुरवून तर घेत नाही ना?" पहिल्यांदा ते नाहीच म्हणतील. पुन्हा विचारा.