घरोब्याचे संबंध

आमच्या ताईचा फ्लेक्स मोशीच्या चौकात लागला, तेव्हा आईनं काळेवाडीतल्या चार बाया रिक्षात घालून नेऊन दाखवला. डोक्यावर पदर, हात जोडलेले, खाली 'भावी नगरसेविका'. देखणी म्हणून तेजस्विनीला मोशीचे पुढारी यशवंतराव यांच्या घरानं सून करून घेतलं होतं. वॉर्ड महिलांसाठी राखीव होणार अशी हवा उठली आणि ते देखणेपण नवऱ्याच्या, रणजीतदाजींच्या कामी आलं.

तेव्हापासून ताई आमची राहिली नाही. सकाळी दहावा, दुपारी लग्न, संध्याकाळी बारसं नाहीतर एखाद्या सलूनचं उद्घाटन. दहाव्याला भाषण करावं लागतं. दाजींनी तिच्याकडून एकच पाठ करून घेतलं होतं, फक्त नाव बदलायचं.

मग आई आजारी पडली. मी भोसरीतली शिफ्ट संपवून दवाखान्यात बसायचे. ताईला फोन केला की दाजी उचलायचे. "मोनिका, आज सोपानरावांचा दहावा हाय. अख्खा गाव आसतो. आईकडं उद्या येतो की आमी." मेलेल्यांसाठी वेळ होता, जित्या आईसाठी नव्हता. माझा नुसता संताप व्हायचा. आई मात्र म्हणायची, "अगं, मोठ्या घरची सून ती." दाजींचा उद्या उजाडलाच नाही. आई गेली.

तिचा दहावाही दाजींनी मोशीच्या घाटावर घातला. मांडव, खुर्च्या, माइक. पिंडाला कावळा शिवायचा तेव्हा शिवेल, भाषणं थांबत नाहीत. शेवटी माइक ताईकडे आला. तिनं पदर सावरला आणि सुरू झाली, "छबूबाईंच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांचे आणि आमच्या कुटुंबाचे घरोब्याचे संबंध होते..."

लोक माना डोलावत होते. कुणालाच काही खटकलं नाही. ताईला मात्र आपण काय बोललो ते ऐकू आलं. ती थांबली.

"बोल की, लोकं बघत्यात," दाजी दबक्या आवाजात म्हणाले.

तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मोने, आई शेवटी काय म्हणाली गं?"

तिच्या तोंडावर फेकायला ते वाक्य मी इतके दिवस जपून ठेवलं होतं. आता फेकवेना. पण खोटंही सुचेना.

"'तेजू आली का?' एवढंच."

"तेजू आली का," ताई माइकमध्ये म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग तिला रडू आवरेना.

दाजींनी तिच्या हातून माइक घेतला. "ताई भावुक झाल्यात. पण सेवेत खंड पडणार न्हाई. उद्या उद्धवरावांच्या दहाव्याला ताई याच घाटावर येणार हायेत."

ताईनं डोळे पुसले आणि फ्लेक्सवर जोडलेत तसे हात जोडले.