कपाटाच्या फळीची गिटार

मी कपाट बोलतेय.

दचकू नका. तशी मी गिटार आहे, आणि तीही इलेक्ट्रिक. सहा तारा, लांब मान, लालसर अंग, सगळं जागच्या जागी आहे. पण लातूरच्या ज्या घरात माझा जन्म झाला, तिथं माझं पहिलं नाव कपाट असंच पडलं. ते कसं, हे सांगायचं तर एका कडुलिंबाच्या झाडापासून सुरुवात करावी लागेल.

ते झाड रेणापूरजवळच्या एका शेताच्या बांधावर उभं होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते वाळलं. मला घडवणाऱ्या लिंबाजीच्या वडिलांनी ते तोडून त्याच्या फळ्या पाडून घेतल्या. त्याच वर्षी तरणा लिंबाजी आणि त्याची धाकटी बहीण पंचफुला रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पंचफुला तिथं हातोडीच्या ठोक्यावर गायची. गाणं तिनं स्वतःच जुळवलेलं होतं:

फोडला दगड, निघंना पाणी,
ओठावर माझ्या बाबांची वाणी.

बाबा म्हणजे बाबासाहेब, हे तिथं कुणाला सांगावं लागत नसे. ती गायला लागली की शेजारच्या बायकांच्या हातोड्या आपोआप एका तालात पडायच्या, आणि मुकादम हिशेब विसरून ऐकत बसायचा. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. मी तेव्हा फळी होते आणि फळीला फारसं कळत नाही. पण ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की आता ती मला पाहिल्यासारखीच वाटते.

पुढं पंचफुला शिकली, रेणापूरच्या शाळेत मास्तरीण झाली. शाळा सांभाळून ती गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करायची. सोबत एक पेटी आणि एक ढोलकी. एकदा निलंग्याला एका लग्नात ती गात असताना मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, बसा आता. ऑर्केस्ट्रा लावा." बरेच जण हसले. पंचफुलाही हसली आणि खाली बसली. त्यानंतर ती गायलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "खडूची भुकटी घशात जाती. घसा धरतोय."

लिंबाजीनं हे मनात ठेवलं. तो बोलणाऱ्यातला नव्हताच. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आत नवी तार गुंडाळून द्यायचा. विहिरी आटल्या की मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात, त्यामुळं सगळी दुनिया पावसाची वाट पाहायची तेव्हा याच्या दारात गिऱ्हाइकांची रांग असायची. याचं त्याला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, पण काम तो मन लावून करायचा.

अशात नांदेडला हैदराबादचा एक ऑर्केस्ट्रा आला आणि त्यांच्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. कुणीतरी लिंबाजीला बोलावून घेतलं. त्यानं तो भरून दिला आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: त्यांची गिटार घडीभर हातात. त्यांना वाटलं, फोटो काढायचा असेल. यानं गिटार वर्तमानपत्रावर आडवी ठेवून पेन्सिलीनं तिची कड गिरवली. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, तार त्यांच्यावर दाबली की सूर बदलतो. त्या पट्ट्यांची मापं त्यानं बांबूच्या एका कामटीवर खुणा करून घेतली.

कामटी मांडीशी धरून तो एसटीनं परत निघाला. अहमदपूरला एक वजनदार गृहस्थ चढले आणि बरोबर कामटीच्या टोकावर बसले. मोडलेलं टोक काही सापडलं नाही. त्या टोकावरच्या खुणा लिंबाजीनं घरी येऊन अंदाजानं केल्या. अंदाज हे त्याचं फार आवडतं हत्यार होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडात माझं काम सुरू झालं. लिंबाची ती फळी भिंतीला टेकून कित्येक वर्षं उभी होती. लिंबाजीची बायको तारामती कपडे शिवायची. लोकांचे कपडे ठेवायला तिला कपाट हवं होतं, आणि फळी त्यासाठीच ठेवलेली होती. करवतीचा आवाज ऐकून ती शेडात आली.

"काय करून राहिलात?"

"काम."

"ही फळी कपाटाची हाय."

"हाव. माहीत हाय."

तारामतीनं माझ्याकडं नीट पाहिलं. माझी फक्त बाहेरची कड कापून झाली होती. "हे कसलं कपाट? घागर चेपल्यावानी दिसून राहिलंय," असं म्हणून ती निघून गेली. त्या दिवसापासून मी कपाट झाले. जेवायला बसताना ती नवऱ्याला विचारायची, "कपाट जेवलं का? का उपाशीच हाय?"

लिंबाजी ऐकून घ्यायचा आणि पुन्हा पटाशी हातात घ्यायचा. माझी मान त्यानं जुन्या सागवानी चौकटीतून काढली. आडव्या पट्ट्यांसाठी सायकलचे स्पोक कापले आणि कानशीनं घासले. अंगाला मोटारीचं लाल वार्निश लावलं, त्यामुळं मला आजही थोडा मोटारीचा वास येतो. बाकी सगळं जमलं, पण माझा आवाज जिथून निघणार त्या कॉइलपाशी त्याची गाडी अडली. फुटक्या लाऊडस्पीकरचं चुंबक होतं, जुन्या रेडिओतली केसासारखी तार होती, ती चुंबकाभोवती गुंडाळायची होती. पण जाड तार ओढायची सवय असलेल्या त्याच्या बोटांत ती सारखी तुटायची.

तारामती दारातून बघत होती. शेवटी म्हणाली, "सरका."

तिनं कॉइल शिलाई मशीनवर, जिथं बॉबिन भरतात तिथं बसवली, आणि हातानं चाक हळूहळू फिरवायला लागली. तार तुटली नाही.

"वाजवणार कोण हे?" तिनं मान वर न करता विचारलं.

"निलंग्याचा विरूपाक्ष हाय ना."

"आणि गाणार कोण?"

लिंबाजीनं स्पोकचा एक तुकडा उचलून कानशीनं घासायला घेतला. मग म्हणाला, "पंचफुलासाठीच चाललंय हे."

तारामतीचं चाक थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं, आधीपेक्षाही हळू. कॉइल पूर्ण झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर फळी मीच काढून दिली असती. तुमाला तोंड कशाला दिलंय?"

मला पहिल्यांदा जोडलं ते जुन्या रेडिओपासून बनवलेल्या ॲम्प्लिफायरला. शेजारपाजारचे जमले होते. मी मोठ्या थाटात पहिला आवाज काढला, आणि तो निघाला परभणी केंद्रावरचा बाजारभाव. ज्वारी अमुक, तूर तमुक. कुठली तरी जोडणी सैल राहिली होती. शेजारचे म्हातारबा शांतपणे म्हणाले, "बरं झालं. आता तुरीचा भाव विचारायला मोंढ्यात जायला नको."

ती जोडणी नीट झाल्यावर विरूपाक्ष आला. तो लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचा. तारा पिळायच्या माझ्या डोक्यावरच्या खुंट्या त्याच्याच एका मोडक्या मेंडोलिनच्या आहेत. बेंजोची सवय म्हणून त्यानं मला आधी मांडीवर आडवी घेतली, तान्ह्या लेकरासारखी. मला ते फारसं रुचलं नाही, पण हात गोड होता. थोडं वाजवून तो थांबला.

"लिंबाजीभाऊ, ही खाली लई गोड हाय. वर गेली की रडतीय."

"तुमचा हात चुकून राहिला, अण्णा."

"माझा हात चुकतोय की तुमचा अंदाज?"

लिंबाजीला अहमदपूरचे गृहस्थ आठवले असावेत. 

तरीही पुढच्या रविवारी दोघं मला घेऊन रेणापूरला गेले. पंचफुला चुलीपाशी भाकरी थापत होती. मला पाहून तिनं ओळखलं सगळं.

"दादा, मी गात नसते आता. सांगितलंय तुला."

"तू कशाला गातीस? अण्णा नुसतं वाजवून दाखवतेत."

विरूपाक्षनं तिचंच गाणं धरलं, खडी फोडतानाचं. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथं मी रडले.

"चुकलं," आतून आवाज आला.

त्यानं पुन्हा वाजवलं.

"पुन्हा चुकलं."

तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा पंचफुला पिठानं भरलेल्या हातांनी बाहेर आली. "अण्णा, किती खराब करून राहिलात. ते असं हाय बघा." आणि तिनं ती ओळ गाऊन दाखवली. पूर्ण, मोकळ्या आवाजात.

गाऊन झाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. ती दारातच उभी राहिली. विरूपाक्ष खाली बघत होता. लिंबाजीनं मात्र शांतपणे पिशवीतून बारीक करवत आणि स्पोकचा तुकडा काढला.

"तो वरचा सूर पुन्हा म्हण. धरून ठेव. मला पट्टी सरकवायची हाय."

पंचफुलानं भावाकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता, माझ्या मानेवर वाकला होता. तिनं सूर धरला. विरूपाक्ष तार छेडत राहिला आणि लिंबाजी तारेखालचा तुकडा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवत राहिला. तिचा सूर आणि माझा सूर एक झाला तिथं त्यानं खूण केली. मग पुढची पट्टी, मग त्याच्या पुढची. चुलीवरची भाकरी करपली. घसा धरतोय म्हणणारी ती बाई दुपार उलटेपर्यंत सूर देत बसली होती.

त्या ऑगस्टमध्ये, ब्याऐंशी साली, लातूर जिल्हा झाला. गावाच्या चालण्याबोलण्यात एकदम फरक पडला. काल हॉटेलात बशीनं चहा पिणारे आज कपानं प्यायला लागले. लिंबाजीनंही दुकानाच्या पाटीवर 'जिल्हा लातूर' एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं की त्याच्या स्वतःच्या नावाला जागा उरली नाही. आमच्या वस्तीनं नव्या जिल्ह्याच्या आनंदात गाण्याचा कार्यक्रम ठेवला, आणि पंचफुला हो म्हणाली.

स्टेजवर चढल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. मैदान भरलेलं होतं. विरूपाक्षनं गाण्याआधीची चाल माझ्यावर वाजवली. पंचफुलानं तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. ती मागच्या रांगेकडंच बघत होती.

विरूपाक्षनं तीच चाल पुन्हा वाजवली, ती जणू दोनदाच असते अशा थाटात. पंचफुला गप्पच. त्यानं तिसऱ्यांदा सुरू केली, या वेळी थोडी सजवून. लोकांना वाटलं ही नवी पद्धत असेल, ते टाळ्यांनी ठेका धरायला लागले. माझ्या अंगावरचं वार्निश घामानं चिकट झालं होतं, पण मी एकही सूर सुटू दिला नाही. आणि चौथ्यांदा चाल सुरू होण्याआधीच पंचफुला गायला लागली.

वर चढायची ती ओळ आली तेव्हा मैदानात टाळीही वाजत नव्हती. खाली बायकांमध्ये बसलेली तारामती शेजारणीला सांगत होती, "ते वाजायलंय ना, त्याच्या पोटातली तार मी गुंडाळलेली हाय."

मग आम्ही खूप हिंडलो. उदगीर, देगलूर, निलंगासुद्धा. पुढं बटणं दाबली की सगळी वाद्यं वाजवणारा कीबोर्ड आला, आणि मी भिंतीवरच्या खुंटीवर गेले. काही वर्षं माझ्या मानेला शिवायला आलेले झंपर अडकवलेले असायचे. तारामती म्हणायची, "शेवटी लागलं बघा कपाट कामाला."

आता विरूपाक्ष नाही. लिंबाजीला कमी ऐकू येतं, तो माझ्या अंगाला हात लावून मी वाजते का ते बघतो. दर एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, विरूपाक्षची मुलगी गुरम्मा देगलूरहून येते आणि मला खाली काढते. पंचफुला गाते. मागं एका वर्षी तिला वरचा सूर गाठता आला नाही. ती थांबली आणि म्हणाली, "आता पुरं. वय झालं."

गुरम्मा माझ्याकडं वळली. तिनं माझ्या खुंट्या एकेक करून सैल केल्या, सगळ्या सारख्या. माझा सूर खाली आला. "आत्या, आता म्हणा बरं."

पंचफुलानं म्हटलं. पोचली.

तेव्हापासून दर वर्षी मी थोडी उतरते. यंदा जाड तार इतकी सैल झाली की ती मानेवर आपटून घरघरत होती. एक शहाणा तरुण पुढं आला आणि म्हणाला, "काकू, ही फार उतरलीय. चढवून देऊ?" गुरम्मानं त्याचा हात अलगद बाजूला केला. "राहू द्या. बरोबर हाय ती."

म्हणून जाता जाता एक विनंती. कधी आमच्या घरी आलात आणि माझ्या तारा लोंबताना दिसल्या, तर मला कुणी विसरलंय असं समजू नका, आणि खुंट्या पिळायला जाऊ नका. मला अजून बरंच खाली उतरता येतं.