मागचा टायर

"परत वाच," बाबा म्हणाले.

"एकशे सत्तर, साठ, अठरा."

"एकशे सत्तर, साठ, अठरा." त्यांनी परत म्हटले आणि वहीत लिहिले. "आता खालचे चार आकडे. बनवल्याचा आठवडा आणि साल."

"बाबा, ते मी गेल्या रविवारी वाचले. त्याच्या आधीच्या रविवारीही वाचले. टायरवरचे आकडे बदलतात का?"

"वाचणारा कंटाळला की बदलतात."

इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत, आम्ही दोघे त्यांच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी बसलो होतो. ते ठेंगण्या स्टुलावर, मी टॉर्च घेऊन उकिडवी. टायरची मधली नक्षी पार गेली होती. कडेच्या रबराला केसाएवढ्या बारीक चिरा पडल्या होत्या आणि नख रोवले तर रुतत नव्हते.

बाबा एकतीस वर्षे पाण्याचे मीटर तपासायच्या कक्षात होते. तिथला नियम असा, की आकडा एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो परत म्हणून लिहायचा. एकट्याने वाचून लिहिलेला आकडा धरायचाच नाही. निवृत्त झाल्यावर हा नियम घरी आला. माझा ताप, आईच्या गोळ्यांच्या तारखा, विजेचे मीटर, सगळे दोघांनी. कक्षात बाबा लिहीत आणि वाचत ते त्यांचे मित्र. त्या मित्राला सगळे खाते 'वाचक' म्हणत असे. आमच्यासाठी ते वाचककाका.

मोटरसायकल तेवीस वर्षांची. बाबांनी ती अकरा वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. तिची पुस्तिका हरवलेली होती आणि माहितीचे स्टिकर कुणीतरी दिलेल्या रंगाखाली गेले होते. पुढे वारा अडवणारी काच, दोन्ही बाजूंना पेट्या. दिवसभर बसले तरी पाठ धरत नाही आणि घाटात मात्र हलक्या गाडीसारखी वळते, त्या जातीला स्पोर्ट-टुरिंग म्हणतात, हे मी बाबांकडून निदान दहा वेळा ऐकले आहे. दर शनिवारी दोघे तिच्यावर बाहेर पडत. काका मागे बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत आणि बाबा हेल्मेटमधून परत म्हणत. "पुढे अरुंद पूल." "पुढे अरुंद पूल."

दीड वर्षापूर्वी काकांची डावी बाजू गेली आणि ते मुलाकडे राहायला गेले. पहाटे निघाले तर संध्याकाळी पोचावे इतके लांब, त्यातला अर्धा रस्ता घाटाचा. बाबांनी ठरवले होते, मोटरसायकलने जायचे, तिच्यावरच बसवून काकांना गावाला एक चक्कर मारायची आणि परत यायचे. त्यासाठी आधी टायर हवे होते. चार महिने ते टायर बघत होते.

"मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणालात," वर गेल्यावर आई म्हणाली. "आणि या चाकाला चार महिने!"

"तेव्हा माझ्याकडे वही नव्हती."

"नशीब माझं. ओल्या रस्त्यावरची पकड विचारली असतीत."

वहीत खरोखरच तो रकाना होता. ओल्यात पकड, किती हजार किलोमीटर टिकतो, वजन, बनवल्याची तारीख. मऊ रबर रस्ता धरते पण लवकर झिजते, कडक टिकते पण पावसात घसरते; मधे कडक आणि कडांना मऊ असेही टायर येतात, पण जुन्या वजनदार गाडीखाली ते कसे वागतील हे कुणी सांगत नाही. लोकांनी लिहिलेले अभिप्राय बाबा वाचत आणि चिडत. "'उत्तम', 'झकास', 'पैसे वसूल'. अरे, आकडा सांगा ना. उत्तम हा काय आकडा आहे?"

पुढचा टायर केव्हाच ठरला होता. अडले होते ते मागच्यावर, कारण त्या आकाराचा मागचा टायर कुणाकडेच नव्हता.

तो का नव्हता, ते मला माहीत होते.

मी ग्रंथालयात सूचीकार आहे. नसलेले पुस्तक कुठे असेल ते शोधणे, हे माझे काम. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी सहज म्हणून मी गाडीचे मॉडेल आणि साल टाकले आणि पाव तासात तिची मूळ पुस्तिका माझ्यासमोर आली. मागच्या टायरची रुंदी, एकशे साठ. एकशे सत्तर नव्हेच. आधीच्या कुणा मालकाने गाडी रुबाबदार दिसावी म्हणून जाड टायर चढवला होता आणि बाबा दर रविवारी नेमका तोच चुकीचा आकडा बिनचूक वाचून घेत होते. गाडी कुठली हे ते दुकानदाराला सांगतच नसत. डोळ्यांनी वाचलेला आकडा असताना आणखी काय सांगायचे?

एकशे साठचे टायर कुठेही मिळत होते. मी ते पान बंद केले.

वर्षापूर्वी बाबांच्या हृदयात स्टेंट बसवली होती. प्रवास करा, पण गाडी दुसऱ्याला चालवू द्या, असे डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितले होते. मी एकदा विषय काढून पाहिला होता. "बसने जा ना, मी येते सोबत." त्यावर ते म्हणाले, "बसने गेलो तर मी आजारी माणसाला भेटायला आलो असं होईल." नंतर मी वाद घातला नाही. वाटले, जगात टायरच नाही म्हटल्यावर कुणालाच नाही म्हणावे लागणार नाही. चार-सहा महिन्यांनी ते आपोआप थकतील.

त्या रविवारी दुपारी त्यांनी आणखी एका दुकानात फोन लावला. फोन टेबलावर, स्पीकर चालू, म्हणजे मलाही ऐकू यावे.

"एकशे सत्तर, साठ, अठरा?" पलीकडचा माणूस म्हणाला. "कोण बनवतंय आता ते? सतराचे घ्या, पाहिजे तेवढे देतो."

"चाक अठराचं आहे."

"मग चाक बदला."

"चाक बदलून टायर बसवू? उद्या टोपी बसत नाही म्हणून डोकं बदला म्हणाल."

"काका, धंद्याची वेळ आहे," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसरीकडून फोटो आला. टायर होता, पण त्यावरचे चार आकडे मी वाचले आणि त्यांनी परत म्हटले तेव्हा कळले, तो सहा वर्षे गोदामात पडून होता. आठवडा अकरावा. साल वाचताना माझा आवाज जरासा सुटकेचा निघाला असावा, कारण त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग हातातली पेन्सिल टेबलावर इतक्या जोरात आपटली की टोक उडून बशीत पडले. त्यांना काही आपटताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"चार महिने. एक टायर! लोकांची हरवलेली पुस्तकं शोधून देतेस ना तू? मला एक टायर शोधून दे."

"काहीही बसवा हो बाबा. नाहीतर राहू द्या. एवढं काय अडलंय?"

"काहीही बसवून त्याला मागे बसवू? त्याला एका हातानेच धरता येतं."

मी कप उचलून आत गेले. आतून मला पेन्सिलला टोक काढल्याचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र आणायला खाली उतरले. येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने त्यांना पाहिले तेव्हा वर्तमानपत्र मांडीवर होते, घडी न मोडलेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना फार कळले नसेल. ते जिन्यावर गेले, घाटात नाही. मोटरसायकलचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

दीड महिन्याने वाचककाकांचा फोन आला. त्यांचे शब्द आता एकेक करून येतात, मधे थांबावे लागते.

"गाडी... विकली का?"

"नाही काका."

"विकू नका. मी... घेतो. पोरगा चालवत आणेल. दारात उभी राहू दे." मग ते म्हणाले, "टायर... मिळाले का त्याला?"

"बघते," मी म्हणाले.

आई म्हणाली, "देऊन टाक. पण त्या टायरांवर नको पाठवू कुणाच्या मुलाला."

ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी गाडी टेम्पोत घालून टायरवाल्याकडे नेली. तो आडवा, दणकट माणूस होता, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि हसला.

"कुणा येड्याने बसवलाय हा? या गाडीला एकशे साठ लागतो, ताई. तीन प्रकारचे आहेत माझ्याकडे. सगळे यंदाचे."

"हो," मी म्हणाले.

"एकशे सत्तर..." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "थांबा. एक काका फोन करायचे. चार-पाच वेळा आला असेल. एकशे सत्तर, साठ, अठरा, पाढा म्हणावा तसं. त्यांची का ही?"

"माझे वडील."

"अहो मग गाडी कुठली ते सांगायचं ना! पाच मिनिटांचं काम होतं. उगाच इतके दिवस फिरले बिचारे. घरात कुणी नेटवर बघणारं नव्हतं का?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला स्टूल पुसून दिले.

"कुठला लावू? हा मऊ, हा टिकाऊ, हा दोन्ही."

मी बाबांची वही आणली होती. रकाने भरलेले होते, पण सगळे एकशे सत्तरचे. बंद झालेल्या, न मिळालेल्या, सहा वर्षे पडून राहिलेल्या टायरांचे. समोरच्या तीन टायरांपैकी एकाचाही आकडा त्यात नव्हता.

"ओल्या रस्त्यावर कुठला चांगला?"

"तिन्ही चांगले."

"म्हणजे किती चांगले?"

"आता त्याला मोजमाप काय, ताई? चांगले म्हणजे चांगले."

मला एकदम इतका राग आला की मी वही मिटून उभी राहिले. त्याचा नव्हता तो राग. "ओला रस्ता असताना, वळणावर, मागे वजनदार माणूस असताना, एका हाताने धरून बसलेला," मी म्हणाले, "तुम्ही तुमच्या मित्राला बसवलं असतंत तर यातला कुठला लावला असतात?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग टायरांकडे. वाकून तिन्हींच्या कडा एकेक करून दाबून पाहिल्या. "हा," म्हणाला. मधे कडक, कडांना मऊ. मी त्याच्यावरचे चार आकडे पाहिले. सात आठवड्यांपूर्वीचा होता. बाबा जायच्या आठवड्यात बनवलेला. पुढचाही त्याच जोडीतला घेतला. जुना टायर चाकावरून काढताना त्याची पहार दोनदा घसरली आणि त्याने शिव्या घातल्या. नवा सहज बसला.

रविवारी काका आले. मुलाने भाड्याच्या मोटारीतून उतरवून त्यांना तळमजल्यावर मोटरसायकलसमोर खुर्चीत बसवले आणि तो पेट्रोल आणायला पंपावर गेला, कॅन घेऊन. आई चहा घेऊन खाली आली. काकांनी उजवा हात लांब करून मागच्या टायरवर ठेवला. नव्या रबराला असतात ते बारीक केस त्यांनी बोटाने मोडले.

"मिळाला," ते म्हणाले.

"मिळाला हो," आई म्हणाली. "काय जीव खाल्ला या टायरने त्यांचा. शेवटच्या दिवशीसुद्धा तेच. त्यांच्या नशिबात नव्हता, दुसरं काय."

काकांनी मान हलवली. डोळे पुसायला त्यांना टायरवरचा हात काढावा लागला. "मी... त्याला म्हटलं होतं... बसने ये. ऐकलं नाही. मला वाटायचं, यायचं नसेल त्याला... मला असं बघायला. म्हणून टायरचं... निमित्त सांगतो."

आई कप घेऊन तशीच उभी राहिली. पंपावर गेलेला मुलगा अजून आला नव्हता.

"नाही काका," मी म्हणाले. "त्यांना यायचं होतं. टायर मिळत होता. आकडा चुकीचा आहे हे मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. त्यांनी येऊ नये म्हणून मी सांगितलं नाही."