दाराआडून ओळखलेली खिरापत

शुभ्रा त्या वर्षीच्या भोंडल्यात नाचली आणि खिरापतही तिनेच ओळखली. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजू या, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा शारजातल्या त्या फ्लॅटमध्ये शुभ्रा नावाचं कोणी राहतच नव्हतं. पासपोर्टांप्रमाणे तिथे होते दत्तप्रसाद, त्यांची बायको सुचित्रा, सोळा वर्षांचा मुलगा निनाद, आणि चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या दत्तप्रसादांच्या मुक्ताआत्या.

पासपोर्टला काय कळतंय. उन्हाळ्यात एकदा जेवताना निनादने ताट बाजूला सारून सांगितलं होतं, "बाबा, आयम अ गर्ल. ऑल्वेज होते. नाव शुभ्रा." सुचित्रा आधी रडली, मग उठून तिने आपल्या दोन ओढण्या काढून दिल्या. दत्तप्रसाद म्हणाले, "बघू. इन्शाल्ला." त्यांच्या ऑफिसात इन्शाल्ला म्हणजे फाईल कपाटाच्या वर गेली.

तेव्हापासून घरात तह होता. दाराबाहेर निनाद, दाराच्या आत ओढणी. बाहेर कुणाला कळलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत, व्हिसापर्यंत जाईल, या धास्तीने दत्तप्रसादांनी दाराला आणखी एक कडी बसवली. चोरण्यासारखं घरात काही नव्हतं. ते तिला निनाद म्हणत नसत आणि शुभ्राही नाही. 'बाळा' म्हणत. बाळाच्या पायात दहा नंबरचे बूट होते, आणि शाळेसाठी ते घालताना बाळाचा चेहरा पासपोर्टवरच्या फोटोसारखा होई.

भोंडला शुक्रवारी, सुट्टी बघून. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलीबायकांचा फेर, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. पुरुषांनी बेडरूममध्ये बसायचं. हत्ती काढायचं काम लहानपणापासून शुभ्राकडे, आणि काढून झाला की तिची रवानगी बेडरूममध्ये. तिने हत्तींपेक्षा उंटच जास्त पाहिलेले. त्यामुळे हत्तीला दरवर्षी थोडं वशिंड येई.

"बाबा, या वर्षी मी फेरात येऊ? जस्ट वन्स."

"बाळा, शेजारच्या शोभनाताई येणार आहेत. म्हणजे सगळं शारजा येणार आहे."

"म्हणजे नो."

"म्हणजे इन्शाल्ला."

शुक्रवारी दोघं बेडरूममध्ये बसले. ओढणी घेऊन ती दाराला पाठ लावून बसली. दत्तप्रसाद पलंगावर एसीची वॉरंटी वाचू लागले. ती अरबीत होती, त्यांना अरबी येत नव्हती. बाहेर पावलं धमधमत होती आणि आत शुभ्राच्या पायाचा अंगठा त्याच ठेक्यावर हलत होता. दत्तप्रसादांनी वॉरंटीची सगळी पानं उलटली. अंगठा काही थांबेना.

मग खिरापत आली. वासावरून कळू नये म्हणून सुचित्राने घरभर ऊद जाळला होता. तिने डबा वाजवला.

"लाडू?" "नाही." "शंकरपाळे?" "नाही." "बाकरवडी? चिक्की? खजूर?" "नाही, नाही, नाही."

ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. बायका दमल्या. एका लहान मुलीने रडायला घेतलं. सुचित्राने पुन्हा डबा वाजवला.

दाराआडून आवाज आला, "खुबूसचा चिवडा."

कालचा उरलेला खुबूस, म्हणजे अरबी रोटी, कुस्करून, कडकडीत फोडणी देऊन केलेला. सुचित्राचा स्वतःचा शोध. "बरोबर," ती हळूच म्हणाली.

"हा तर निनादचा आवाज," शोभनाताई म्हणाल्या. "मुलग्याचं धरत नाहीत हं."

"नाहीच धरत," मुक्ताआत्या म्हणाल्या. "पण मला भूक लागलीय. खिरापत ओळखली गेलीय, म्हणजे ओळखणारी मुलगीच असणार. शास्त्र आहे. दत्तू, आतली मुलगी बाहेर पाठव."

दत्तप्रसादांनी दार बोटभर उघडलं. "आत्या, तुला कुणी..."

"महिनाभर मी या घरात डोळे मिटून पोहे खाल्ले काय? बाल्कनीत ओढणी वाळत असते ती काय तुझी?"

दत्तप्रसादांना हो म्हणून टाकावंसं वाटलं. ते त्यातल्या त्यात सोपं होतं. पण मागे शुभ्राचा अंगठा थांबला होता. ठेका बाहेर अजून कुणीतरी टाळ्यांवर धरून होतं, आणि अंगठा मात्र थांबला होता.

"शुभ्रा," ते म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "शुभ्रा, जा. यल्ला."

शोभनाताईंनी तोंड उघडलं. आत्यांनी त्यात चिवडा भरला.

फेर पुन्हा सुरू झाला. शुभ्राला सगळी गाणी पाठ होती, पण आजवर नुसती दाराआडून ऐकलेली, त्यामुळे फेर कुठल्या बाजूने फिरतो हे ठाऊक नव्हतं. ती उलटी फिरली आणि एकेका मावशीवर आदळत, हसत सुटली. दत्तप्रसाद बघायला बाहेर येऊ लागले, तर आत्यांनी दार लावून घेतलं. पुरुषांनी आत बसायचं. आत त्यांचा अंगठा हलायला लागला.

शोभनाताई नंतर महिनाभर लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग चिवड्याची कृती हवी होती म्हणून वळल्या.

भोंडल्याच्या रात्रीच शुभ्रा जेवताना म्हणाली होती, "बाबा, नेक्स्ट इयर रिअल हत्ती." दत्तप्रसादांना अर्ज सोडून काही लिहिता येत नसे. बिल्डिंगच्या ऑफिसात कुणालाच मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी अर्ज निर्धास्तपणे मराठीत लिहिला:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: लिफ्टमधून हत्ती तिसऱ्या मजल्यावर नेण्याबाबत. महोदय, माझी मुलगी शुभ्रा हिला पुढील भोंडल्यासाठी खरा हत्ती हवा आहे. सदर हत्ती शाकाहारी असून लिफ्टमध्ये एकटाच चढेल व उतरताना जिना वापरेल. वशिंड असल्यास आमची हरकत नाही. सबब परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."