युनिफाइड

आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं. एक माझं, एक धाकट्या भावाचं. दोघांनी एकदम दाबली तरच साचा खाली यायचा. वीस वर्षं असंच चाललं. पण वडील गेले आणि धाकटा डोक्यावर बसला. जरा बिनसलं की बटणावरचं बोट काढायचा. मी आपला हात चोळत उभा.

शेवटी त्याच्या नकळत वायरमनला बोलावलं आणि सगळी मशीन माझ्या एकट्याच्या बटणावर घेतली. त्याचं नुसतं दिसायला ठेवलं. वायरमन म्हणाला, आता युनिफाइड झालं. शब्द मला जाम आवडला. मी तो रंगाने बटणांच्या डब्यावर लिहून टाकला.

माझी मुलगी इंग्रजी शिकवते. जेवणाचा डबा घेऊन आली, ते वाचलं, झालेला प्रकार विचारला आणि तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येऊन एक झाल्या, प्रत्येकाचं त्यात काही उरलं, तरच युनिफाइड म्हणतात. दोन संघांना म्हणा, दोन देशांना म्हणा.

"बाबा, इथे काय एकत्र आलं? काकांचं तुम्ही काढून घेतलंत. आजच सांगा त्यांना."

मी म्हटलं, तुझी शाळा तुझ्यापाशी ठेव.

ती गेली आणि धाकटा आला. हे काय लिहिलंयस, म्हणाला. तुला काय करायचंय, मी म्हटलं. एवढ्यावरून जुंपली. त्याने पाना उचलून माझ्या जबड्यावर हाणला, दात तुटून तोंडात आला. मी हातोड्याने त्याच्या बरगड्या शेकल्या. दोघंही रक्ताने माखलो, तरी कुणी हटेना. मग तो धापा टाकत प्रेसकडे गेला आणि अडकलेला पत्रा ओढायला साच्यात हात घातला. बटणावर आपलं बोट नाही म्हणजे साचा पडत नाही, हे त्याला वीस वर्षं माहीत होतं.

"माझ्याशिवाय तुझं काय हलतंय?" तो हसला. "दाब की."

माझं टाळकं सटकलं होतं. हात आत आहे हे मला दिसत होतं. मी दाबलं.

मनगटापासून पंजा गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने आधी मलाच हाक मारली. पलंगाच्या पलीकडे मुलगी उभी होती.

"दादा, तू जिवाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "माझंच कोपर लागलं असेल रे माझ्या बटणाला."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"हो रे," मी म्हणालो, "लागलं असेल."