साडूने घेतलेलं मशीन

छापखानावाल्याला दोन गोष्टी डोळ्यांसमोर नको असत: बँकेची पत्रं आणि धाकट्या साडूचा चेहरा. पत्रं निदान ड्रॉवरमध्ये कोंबता येत.

साडू पूर्वी त्याच्याकडेच कागद मोजायला होता. पुढे मेहुणीशी लग्न झालं, चार गल्ल्या सोडून त्याने स्वतःचा छापखाना थाटला, दोन रंगांचं मशीन आणलं आणि सासरी जो तो त्याचेच गोडवे गाऊ लागला. छापखानावाल्याच्या पोटात दुखायला लागलं. सहा महिन्यांत त्याने चार रंगांचं मशीन घेतलं. बँकेचं कर्ज काढलं आणि कागदाच्या व्यापाऱ्याकडे उधारी वाढवत नेली. चार रंगांची कामं मात्र आली नाहीत. मशीन दिमाखात उभं राहिलं आणि हप्ते तुंबले.

तिसऱ्या वर्षी तो दिवाळखोरीचा अर्ज करायला वकीलबाईंकडे गेला. बाईंनी सगळे कागद चाळले. अर्ज करता येईल, म्हणाल्या, पण नंतर कित्येक वर्षं कुणी उधारीवर कागदाचं रीळसुद्धा देणार नाही. त्याआधी बँकेकडे मुदत वाढवून मागा, व्यापाऱ्याला व्याज सोडून मुद्दल घ्यायला राजी करा, आणि ते मशीन विका. निम्मं देणं तिथेच फिटेल.

गिऱ्हाईक शोधण्यात महिना गेला. मिळालं ते एकच: साडू. त्याने भावही पाडला नाही. पाडला असता तर त्याला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

घरी येऊन छापखानावाल्याने बायकोला सांगितलं की तो उद्या अर्जावर सही करणार. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे दिवाळं निघालेलं चालेल, पण मशीन त्याच्याकडे गेलेलं चालणार नाही," ती म्हणाली.

तो चपला काढून कोपऱ्यात सरकवू लागला.

"खरं सांगा, ते कामासाठी घेतलं होतंत की त्याला दाखवायला?"

 दुसऱ्या दिवशी तो वकीलबाईंकडे न जाता साडूकडे गेला आणि उभ्याउभ्याच व्यवहार ठरवून आला. मशीन बाहेर काढायला दाराची चौकट उखडावी लागली. मशीन गेल्यावर जमिनीवर तेलाचा मोठा चौकोन उरला आणि तो दिवसभर त्याला वळसा घालून चालत राहिला. बँकेने पैसे जमा करून घेतले आणि उरलेल्या देण्याला पाच वर्षांची मुदत दिली. व्यापारी बराच वेळ हुज्जत घालून मुद्दलावर आला.

आठवड्याने साडू स्वतः दारात. रंग जागेवर बसत नाहीत, म्हणाला, लाल सारखा सरकतो, औषधाची दोन हजार खोकी वाया गेली. छापखानावाल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने साडूला बसवलं, चहा मागवला, हातातलं बिलबुक उगाचच पूर्ण छापून संपवलं आणि मग निघाला.

साडूकडे खोक्यांच्या पुठ्ठ्याची थप्पी छताला टेकली होती. छापखानावाल्याकडे असताना या मशीनने एवढं काम कधी पाहिलंच नव्हतं. मघाचा आनंद कुठल्या कुठे गेला. तरी बाह्या सरसावून त्याने रोलर सोडवले, पुसले, पुन्हा बसवले. तासाभरात लाल जागेवर आला.

साडूने विचारलं, "दर गुरुवारी याल का? तुमचा जो दर असेल तो देतो."

'तुझ्याकडे कामाला येऊ?' हे ओठांवर आलं होतं. पण महिन्याचा हप्ता आठवला आणि त्याने दर सांगितला.

तेव्हापासून तो दर गुरुवारी जातो. थप्पी दिसली की पोटात दुखतंच, त्यात काही फरक नाही. पण हप्ता एकदाही चुकलेला नाही, आणि अर्ज वकीलबाईंकडे कोराच पडून आहे. परवा मेहुणीने चहा देता देता विचारलं, "भाऊजी, मशीन कसं चाललंय?"

त्याने कप खाली ठेवला.

"छान चाललंय," तो म्हणाला. एवढे दोन शब्द बाहेर काढायला त्याला बरेच कष्ट पडले.